आयफोनवर फ्लॅश का येऊ दिलं नाही? जॉब्स यांचं २०१० चं पत्र आणि माझ्या काही शंका

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात माध्यमशास्त्र शिकवते. या सत्रात अ‍ॅपल आणि अडोबी यांच्यातला फ्लॅशवरचा वाद वर्गात घेतेय (फ्लॅश म्हणजे वेबवर हलती चित्रं, गेम, व्हिडिओ बनवायचं आणि दाखवायचं अडोबीचं तंत्र). मुलांचा जन्मच २००५-०६ च्या पुढचा, त्यामुळे फ्लॅश म्हणजे ‘जुन्या गेम ज्याच्यावर चालायच्या ते’ एवढंच त्यांना ठाऊक. स्टीव्ह जॉब्स यांनी २९ एप्रिल २०१० ला अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर टाकलेलं ‘थॉट्स ऑन फ्लॅश’ हे पत्र आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं.

वाचून झाल्यावर वर्गात सरळ दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पत्रात सहा मुद्दे आहेत, सहाही पुढे खरे ठरले, अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर स्वतःच बंद केलं, मग वाद उरतोच कुठे? दुसऱ्याचं म्हणणं, अ‍ॅपलला आपल्या अ‍ॅप स्टोअरवरचा ताबा सोडायचा नव्हता, बॅटरी वगैरे सगळी निमित्तं.

मला स्वतःला वेगळीच गोष्ट खटकते. आयफोन जून २००७ मध्ये विक्रीला आला आणि पहिल्या दिवसापासून त्यावर फ्लॅश नव्हतं. मग जवळजवळ तीन वर्षं गप्प राहून एवढं सविस्तर पत्र लिहायची वेळ एप्रिल २०१० मध्येच का आली? आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने माघार घेतली असं वाचलं, ती नेमकी कशातून? आयफोनच्या ब्राउझरमध्ये तर फ्लॅश कधीच आलं नाही.

त्या काळात या क्षेत्रात काम केलेलं कोणी इथे असेल तर सविस्तर लिहा. बातम्यांच्या कात्रणांपेक्षा काम करणाऱ्यांचं म्हणणं मुलांपुढे ठेवायला मला आवडेल.


निखारा

पत्रातलं जवळजवळ सगळं खरं होतं. सुरक्षेचंच घ्या. पत्रात सिमँटेकचा दाखला आहे की २००९ मध्ये सुरक्षेच्या बाबतीत फ्लॅशची कामगिरी सर्वांत वाईट असलेल्यांपैकी एक होती. पुढे जुलै २०१५ मध्ये ‘हॅकिंग टीम’ या हेरगिरीची सॉफ्टवेअर विकणाऱ्या इटालियन कंपनीचा सगळा अंतर्गत डेटा फुटला, त्यात फ्लॅशमधल्या तोपर्यंत कोणाला ठाऊक नसलेल्या त्रुटी निघाल्या. मोझिलाने फायरफॉक्समध्ये फ्लॅश तात्पुरतं अडवलं. फेसबुकच्या सुरक्षाप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की अडोबीने आता फ्लॅश बंद करायची तारीखच जाहीर करावी. पत्रानंतर पाच वर्षांनी ही अवस्था!

तेव्हा तुमच्या वर्गातला पहिला तट बरोबर आहे. फ्लॅशला कोणी मारलं नाही, ते आपल्या दोषांनी गेलं.


कीफ्रेम

कोयनाताई, तुम्हाला जे खटकलंय तिथेच या प्रकरणाची गाठ आहे. तारखा ओळीने लावल्या की ती सुटते.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. २००२ पासून दहाएक वर्षं मी पुण्यात फ्लॅशवर शालेय धडे बनवायचं काम केलं. पाचवी ते दहावीचं विज्ञान आणि भूगोल, सीडीवर आणि पुढे वेबवर. एक चित्रकार, एक आवाजाचं बघणारा आणि कोड लिहायला मी, एवढ्या तिघांत हृदयाचं चलनवलन, सह्याद्रीतला पाऊस, ओहमचा नियम असं सगळं उभं राहायचं. त्यामुळे फ्लॅशबद्दल मला माया आहे आणि ती मी लपवणार नाही. पण निखारा म्हणतात ते दोषही खरे आहेत.

आता तारखा. ८ एप्रिल २०१० ला अ‍ॅपलने आयफोन ओएस ४ ची माहिती दिली आणि त्याबरोबर विकसकांच्या करारातलं ३.३.१ हे कलम बदललं. नव्या कलमाचा अर्थ असा, की आयफोनसाठीचं अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिट या सफारी ब्राउझरच्या इंजिनात चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं हवं. ‘मुळातच’ या शब्दावर सगळा भार होता. दुसऱ्या भाषेत लिहून मग यंत्राच्या भाषेत उतरवलेलं अ‍ॅप चालणार नाही.

१२ एप्रिलला अडोबीचा सीएस५ हा सॉफ्टवेअरचा संच जाहीर झाला. त्यातल्या फ्लॅशचं मोठं आकर्षण होतं ‘पॅकेजर फॉर आयफोन’. तुम्ही फ्लॅशमध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ ही त्याची कोडची भाषा वापरून बनवलेली वस्तू हा पॅकेजर थेट आयफोनच्या एआरएम प्रोसेसरच्या भाषेत उतरवायचा आणि हाती पडायचं एक साधं आयफोन अ‍ॅप. त्याला फोनवर फ्लॅश प्लेअर असण्याची गरजच नव्हती. आमच्यासारख्या शेकडो लहान गटांना वाटलं, आता आपले धडे फोनवर जातील. चार दिवस आधी आलेल्या कलमाने तो रस्ता उघडण्याआधीच बंद केला होता. २० एप्रिलला अडोबीच्या माइक चेंबर्स यांनी लिहिलं की आयफोनसाठीच्या या कामात कंपनी यापुढे गुंतवणूक करणार नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी जॉब्स यांचं पत्र आलं.

म्हणजे तीन वर्षं पत्राची गरज नव्हती, कारण ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा फ्लॅश प्लेअर, न घेणं हा अ‍ॅपलचा आपल्या उत्पादनापुरता निर्णय होता आणि लोक कुरकुरत का होईना तो सोसत होते. २७ जानेवारी २०१० ला आयपॅड दाखवताना जॉब्स यांनी मंचावर न्यूयॉर्क टाइम्सचं पान उघडलं आणि प्लगइन नसल्याचा निळा ठोकळा सगळ्यांना दिसला. त्यावर ओरड झाली तरी पत्र आलं नाही. ते आलं ३.३.१ वर टीका झाल्यावर.

आता पत्रातले मुद्दे पॅकेजरला लावून बघा. बॅटरी, मॅक बंद पडणं, सुरक्षा या सगळ्या तक्रारी ब्राउझरमधल्या प्लगइनच्या. पॅकेजरच्या अ‍ॅपमध्ये प्लगइनच नाही, ते अ‍ॅपलच्या तपासणीतून जाणार, आयफोनच्या कुंपणातच चालणार. स्पर्शाचा मुद्दा? पॅकेजरमध्ये स्पर्श, दोन बोटांनी मोठं-लहान करणं, फोन तिरका केल्याची जाणीव, सगळं दिलं होतं. ‘फ्लॅश खुलं नाही’ हा मुद्दा? ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहून अ‍ॅप स्टोअरवर ठेवलेलं अ‍ॅप त्याहून खुलं कसं? उरतो सहावा मुद्दा, की अ‍ॅपल आणि विकसक यांच्यामध्ये तिसऱ्याचा थर नको. हाच आपला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे असं जॉब्स यांनी पत्रात स्वतःच म्हटलंय. मुलांना सांगा, पत्र शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा.

हा सहावा मुद्दा खोटा नाही, आणि मराठीत काम करणाऱ्याला तो लगेच पटतो. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा त्यात देवनागरी युनिकोड नीट दिसत होतं. फ्लॅशमध्ये मात्र युनिकोड फॉन्ट एम्बेड केला, म्हणजे फाइलमध्येच बसवला, की जोडाक्षरं सुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. फ्लॅश प्लेअर १० मध्ये, म्हणजे २००८ च्या ऑक्टोबरात, मजकुराचं नवं इंजिन आलं. आणि रोज वापरायच्या फ्लॅश प्रोफेशनलमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती थेट २०१० च्या सीएस५ मध्ये. खाली कार्यप्रणालीला जे येत होतं ते वरच्या थराला यायला नऊ वर्षं गेली. मधली सगळी वर्षं आम्ही श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून अक्षरांवर दोनदा ‘ब्रेक अपार्ट’ मारत होतो, म्हणजे अक्षराचं चित्रच करून टाकत होतो. मजकूर छान दिसायचा, पण तो मजकूर राहायचा नाही.

जॉब्स यांची भीती नेमकी हीच होती. अडोबीने त्यांना हे एकदा दाखवलंही होतं. मॅक ओएस एक्स २००१ मध्ये आलं, पण अडोबीची मोठी सॉफ्टवेअर पूर्णपणे त्याच्या कोको या पायावर आली ती सीएस५ मध्ये. ज्या कंपनीने आपल्याला एवढी वर्षं थांबवलं तिच्या हातात आपल्या फोनची अ‍ॅप्स जाऊ द्यायची नाहीत, हे मी समजू शकतो.

पण भीती खरी असली तरी उपाय न्याय्य होता असं मी मानत नाही. अ‍ॅप संथ असेल, फोनच्या नव्या सोयी वापरत नसेल, तर अ‍ॅप नाकारा. तपासणी तुमच्याच हातात आहे. वस्तू बघायच्या आधीच ‘तू कोणत्या हत्याराने बनवलीस ते सांग’ असं विचारणं हे कारागिराला दाराबाहेर ठेवणं आहे. आणि त्या कलमाचा मार एकट्या अडोबीला नव्हता. युनिटीवर गेम बनवणारे, मोनोटच वापरून सी-शार्पमध्ये लिहिणारे, सगळेच टांगणीला लागले होते.

आता तुमचा माघारीचा प्रश्न. ९ सप्टेंबर २०१० ला अ‍ॅपलने तेच ३.३.१ चं बंधन सैल केलं. तयार अ‍ॅप बाहेरून आणखी कोड उतरवून घेत नसेल तर ते कोणत्या साधनाने बनवलंय हे आम्ही बघणार नाही, असं जाहीर केलं. अडोबीने पॅकेजरचं काम पुन्हा सुरू केलं. ब्राउझरमधल्या प्लगइनबद्दल अ‍ॅपलने शेवटपर्यंत एक पाऊलही मागे घेतलं नाही. दोन वेगळ्या भांडणांना एकाच नावाने हाक मारली जाते म्हणून गोंधळ होतो. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मशिनेरियम’ हा चेक प्रजासत्ताकातल्या छोट्या गटाने फ्लॅशमध्ये बनवलेला गेम याच रस्त्याने आयपॅडवर आला आणि विक्रीच्या यादीत वर गेला. हातात घेतलेल्या माणसाला तो कशात बनवलाय याचा पत्ताही लागत नव्हता.


कीफ्रेम

प्लगइनबद्दल वर लिहायचं राहिलं, कारण निखारा यांचं म्हणणं तिथे लागू पडतं.

ब्राउझर पानावर एक चौकोन फ्लॅशला देऊन टाकायचा. आत काय चाललंय ते ब्राउझरला दिसत नसे. भाडेकरू आत काय चालवतोय ते मालकाला कळायचं नाही, पण विजेचं बिल मात्र मालकाच्या नावावर यायचं, तसा प्रकार. फ्लॅशची टाइमलाइन सेकंदाला ठरलेल्या फ्रेम्सनी फिरते. पडद्यावर काही हलत नसलं तरी ‘एंटर-फ्रेम’ला जोडलेला कोड प्रत्येक फ्रेमला पुन्हा पुन्हा चालतो. टेबलावरच्या संगणकाची वायर भिंतीत असते म्हणून हे कोणी मनावर घेतलं नाही. एका पानावर तीन-चार जाहिराती अशा फिरत असल्या की पंख्याचा आवाज वाढायचा, एवढंच. फोनवर तीच गोष्ट बॅटरी संपवते. १०.१ या आवृत्तीत अडोबीने न दिसणाऱ्या फ्लॅशचा वेग आपोआप कमी करायची सोय केली, पण तोवर २०१० चा जून उजाडला होता.

स्पर्शाच्या मुद्द्यातही तथ्य होतं. आमच्या भूगोलाच्या धड्यात महाराष्ट्राचा नकाशा होता. माउस जिल्ह्यावर नेला की जिल्हा उजळायचा, नाव दिसायचं, क्लिक केलं की पिकं आणि पाऊसमान. बोटाला ‘वरून नेणं’ माहीत नाही, ते एकदम टेकतं. तो धडा फोनवर न्यायचा तर नव्याने रचायला हवाच होता. मात्र माउसवर चालणारे मेन्यू तेव्हा साध्या जावास्क्रिप्टच्या संकेतस्थळांवरही भरपूर होते आणि सफारी ती पानं उघडतच होतं. त्यामुळे हा मुद्दा फक्त फ्लॅशच्या माथी मारणं मला पटत नाही.

अडोबीची मोठी चूक मला वेगळी दिसते. फ्लॅश लाइट हे फोनसाठीचं छोटं रूप २००३ पासून जपानमध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीच्या फोनवर चालत होतं. मार्च २००८ मध्ये जॉब्स भागधारकांच्या सभेत म्हणाले होते की संगणकावरचं फ्लॅश आयफोनला जड आहे, फ्लॅश लाइट अपुरं आहे, मधलं काहीतरी हवं. ते मधलं काहीतरी अडोबीकडे तेव्हा तयार नव्हतं आणि पुढची दोन वर्षंही झालं नाही. ‘हे बघा, फोनवर उत्तम चालतंय’ असं दाखवता आलं असतं तर पत्रातले निम्मे मुद्दे गळाले असते. त्याऐवजी मे २०१० मध्ये वर्तमानपत्रांत ‘आमचं अ‍ॅपलवर प्रेम आहे’ अशा मोठाल्या जाहिराती आल्या, चक गेश्की आणि जॉन वॉर्नॉक या संस्थापकांचं खुलं पत्र आलं. मुख्याधिकारी शंतनू नारायण यांनी जॉब्स यांच्या तांत्रिक मुद्द्यांना धुराचा पडदा म्हटलं. जाहिरातीने बॅटरी वाचत नाही.

हे भांडण दोनच कंपन्यांचं होतं असंही मुलांना वाटायला नको. नोकिया, सॅमसंग, मोटोरोला, सोनी एरिक्सन हे सगळे फ्लॅश सगळ्या उपकरणांवर चालावं म्हणून निघालेल्या मे २००८ च्या ‘ओपन स्क्रीन प्रोजेक्ट’मध्ये अडोबीबरोबर होते. अँड्रॉइड २.२ आल्यावर ‘आमच्याकडे पूर्ण वेब दिसतं’ हाच त्यांच्यातल्या अँड्रॉइडवाल्यांचा अ‍ॅपलविरुद्धचा प्रचार होता. २०११ मध्ये ब्लॅकबेरीने प्लेबुक टॅबलेट फ्लॅशच्या जोरावरच पुढे केला. म्हणजे फोन बनवणाऱ्यांत एकाने फ्लॅशला दार बंद केलं, तर बाकीच्यांनी त्याचं हत्यार केलं. मात्र प्रत्येक चिपसाठी, प्रत्येक अँड्रॉइड फोनसाठी प्लेअर बसवत राहणं अडोबीला पेलवलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ८ च्या नव्या स्पर्श-ब्राउझरमध्ये प्लगइन नसतील असं सांगितलं. ९ नोव्हेंबर २०११ ला अडोबीने मोबाइल ब्राउझरसाठीचं फ्लॅश थांबवत असल्याचं जाहीर केलं. जॉब्स यांना जाऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते.


सह्याद्री_ते_सॅन_होजे

मी व्हिडिओ डिकोडरच्या, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या, चिपवर काम करतो, म्हणून फक्त बॅटरीच्या आकड्यांपुरतं लिहितो. पत्रात म्हटलंय की एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) व्हिडिओ आयफोनवर दहा तासांपर्यंत चालतो आणि तोच सॉफ्टवेअरने उलगडायला लावला तर पाच तासांच्या आत बॅटरी संपते. आकडा पटण्यासारखा आहे. चिपमधला खास भाग हे काम फार कमी विजेत करतो, प्रोसेसरला तेच काम घामाघूम होऊन करावं लागतं.

पण ही तुलना फ्लॅशची नाही, व्हिडिओच्या जातीची आहे. फ्लॅशमध्ये आधी सोरेन्सन स्पार्क होता, २००५ च्या आवृत्ती ८ पासून ऑन२ चा व्हीपी६, आणि डिसेंबर २००७ पासून एच.२६४ सुद्धा. वेबवरचा जुना साठा पहिल्या दोन जातींचा, ज्यांच्यासाठी आयफोनच्या चिपमध्ये सोय नव्हती. यूट्यूबने २००७ मध्ये आयफोनसाठी आपले व्हिडिओ एच.२६४ मध्ये पुन्हा तयार करायला घेतले ते यामुळेच.

मग एच.२६४ व्हिडिओ फ्लॅशच्या आत चिपवर का चालत नव्हता? मॅकपुरतं बोलायचं तर त्या चिपपर्यंत पोचायचा रस्ताच अ‍ॅपलने बाहेरच्यांना दिला नव्हता. तो मॅक ओएस एक्स १०.६.३ बरोबर खुला झाला आणि अडोबीने त्याच एप्रिलमध्ये ‘गाला’ नावाची चाचणी-आवृत्ती काढली. म्हणजे दोष एकट्या अडोबीचा नव्हता.

दुसरी अडचण फ्लॅशच्या रचनेतच होती. फ्लॅशला व्हिडिओ म्हणजे मंचावरची आणखी एक वस्तू. तिच्यावर बटणं, जाहिरात, अर्धपारदर्शक पट्टी काहीही ठेवा. करणाऱ्याला हे फार सोयीचं, पण त्यासाठी चिपने उलगडलेली प्रत्येक फ्रेम परत आणून बाकीच्या चित्रात मिसळावी लागते, आणि वाचवलेली वीज तिथे जाते. २०११ च्या १०.२ आवृत्तीत ‘स्टेज व्हिडिओ’ आला, त्यात व्हिडिओ खाली स्वतंत्र थरावर ठेवायची सोय झाली. उत्तर बरोबर होतं, वेळ गेली होती.

‘खुलेपणा’बद्दल एक. जॉब्स यांनी फ्लॅशला बंदिस्त म्हटलं आणि त्याच पत्रात एच.२६४ ची बाजू घेतली. एच.२६४ पेटंटांनी वेढलेलं होतं, परवान्याचे पैसे पेटंटधारकांच्या वतीने एमपीईजी-एलए ही कंपनी गोळा करत असे, आणि फायरफॉक्स त्याच कारणाने ते घेत नव्हतं. गुगलने मे २०१० मध्ये व्हीपी८ ही व्हिडिओची जात मोकळी करून तिच्यावरचं वेबएम हे फाइलचं रूप आणलं. जानेवारी २०११ मध्ये क्रोममधून एच.२६४ काढणार असं जाहीर केलं, ते कधी काढलंच नाही. शेवटी फायरफॉक्स बनवणारी मोझिलाही एच.२६४ कडे वळली. फोनमधल्या चिपला जे वाचता येतं तेच वेबवर टिकतं, हे मी रोजच्या कामात बघतो.


निखारा

कीफ्रेम, सविस्तर लिहिलंत, पॅकेजरचा मुद्दा मान्य. पण लहान गटांचं नुकसान झालं हे पटत नाही. एचटीएमएल५ ही वेब पानांच्या भाषेची नवी आवृत्ती आली, त्यात कोडने चित्र काढायचा कॅनव्हास आला, सगळं फुकट आणि सगळीकडे चालणारं. शिकायची तयारी हवी.


कीफ्रेम

निखारा, शिकण्याची तयारी सगळ्यांनीच दाखवली. मीही २०१२ पासून जावास्क्रिप्टच लिहितोय. माझं म्हणणं वेगळं आहे.

एचटीएमएल५ ने फ्लॅश प्लेअरची जागा घेतली. फ्लॅशच्या संपादकाची जागा कोणी घेतली नाही. आमचा चित्रकार अभिनव कला महाविद्यालयातून आलेला, त्याला कोडची एक ओळ लिहायची नव्हती आणि लागतही नव्हती. तो टॅबलेटच्या पेनने बेडूक काढायचा, कांद्याच्या सालीसारखी मागची फ्रेम अंधूक दिसत असायची तिच्यावर पुढची काढायचा, एफ६ दाबून कीफ्रेम टाकायचा, आणि त्याच फाइलमध्ये, त्याच फ्रेमवर मी दोन ओळी लिहून तो बेडूक मुलाच्या क्लिकवर उडी मारेल असं करायचो. चित्र काढणारा आणि कोड लिहिणारा एकाच कागदावर काम करत होते. कॅनव्हास आला तेव्हा हातात मिळाला रिकामा चौकोन आणि संपादकातला कोड. चित्रकार खोलीच्या बाहेर गेला. आता तो चित्रं करून पाठवतो, मी ती बसवतो, बेडकाची उडी कशी हवी हे ईमेलवर ठरतं. लहान गावातला एकटा शिक्षक, जो फ्लॅश शिकून आपल्या वर्गासाठी धडा करायचा, त्याला तर कोणी पाठवणाराही नाही. फ्लॅशचं नाव बदलून अडोबीने २०१६ मध्ये अ‍ॅनिमेट केलं, त्यातून कॅनव्हाससाठी निर्यात करता येते, मी वापरलंय. पण अ‍ॅक्शनस्क्रिप्टमधलं काहीच त्यात तसंच्या तसं येत नाही.

या नुकसानाबद्दल जॉब्स यांच्या पत्रात एक शब्द नाही, आणि अडोबीच्या उत्तरांतही नाही. दोघेही खुलेपणावर बोलत राहिले आणि दोघांनाही मधली जागा आपल्याकडे हवी होती. ती जागा आजही कोणी सोडलेली नाही. आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन अ‍ॅपलच्या वेबकिटचंच. युरोपीय संघाने कायद्याने भाग पाडलं तेव्हा मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून तिथल्यापुरती परवानगी मिळाली. मुलांना हा घटक जुना वाटत असेल तर त्यांच्या हातातला फोनच उदाहरण म्हणून द्या.


कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र शेवटाकडून वाचायची सूचना उद्याच वर्गात वापरते.

एक व्यवहारातली विचारणा. आमच्या ग्रंथालयात २००६-०७ च्या सुमाराच्या शैक्षणिक सीडी आहेत, मराठी माध्यमाच्या. उघडल्या तर बऱ्याच एसडब्ल्यूएफ (फ्लॅशच्या तयार) फाइली दिसतात, काहींत ईएक्सई आहे. मुलांना त्या प्रत्यक्ष दाखवता येतील का? ग्रंथपाल त्या रद्दीत काढायच्या म्हणतायत.


कीफ्रेम

रद्दीत अजिबात काढू देऊ नका! आजच सगळ्या सीडींची प्रत हार्ड डिस्कवर घ्या, फोल्डरची रचना जशी आहे तशीच ठेवून. त्या काळच्या कित्येक धड्यांच्या मूळ, बदल करता येणाऱ्या एफएलए फाइली कोणाकडेच उरलेल्या नाहीत, सीडी हाच एकमेव पुरावा आहे.

ईएक्सई असेल तर ती बहुधा प्रोजेक्टर फाइल आहे, म्हणजे तिच्या पोटातच प्लेअर आहे. १२ जानेवारी २०२१ पासून अडोबीने फ्लॅश अडवलं ते ब्राउझरमधलं. प्रोजेक्टर विंडोजवर अजून चालतात.

एसडब्ल्यूएफसाठी ‘रफल’ वापरा. रस्ट भाषेत लिहिलेला, मोकळ्या परवान्याचा प्लेअर आहे. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या फ्लॅशचा संग्रह उभा केला तो यावरच. २००६-०७ चे धडे बहुतेक अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ किंवा २ मधले असणार आणि त्यांना रफल चांगलं सांभाळतं. ३ असेल तर एखादी गोष्ट अडू शकते. धडे तुकड्यांत असतात, मुख्य फाइल बाकीच्या फाइली आणि मजकुराच्या एक्सएमएल फाइली ओढून घेते. त्यामुळे ब्राउझरमध्ये फाइल नुसती ओढून टाकली तर पुढचे तुकडे उघडणार नाहीत. संगणकावर उतरवून घ्यायचं रफल मिळतं, त्यात मुख्य एसडब्ल्यूएफ उघडा.

मराठी अक्षरांची काळजी करू नका. श्री-लिपीचा फॉन्ट मशीनवर नसला तरी ‘ब्रेक अपार्ट’ केलेली शीर्षकं आणि वाक्यं चित्रं म्हणून फाइलमध्येच आहेत, ती जशीच्या तशी दिसतील. जिथे प्रश्नोत्तरांचा मजकूर एक्सएमएलमधून येतो तिथे मात्र इंग्रजी चिन्हांची गिचमीड दिसू शकते. तसं झालं तर ती एक्सएमएल मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा परिवर्तक माझ्याकडे आहे.

आणि रफल वेब असेंब्लीवर, म्हणजे प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच, चालतं, म्हणून एकाच फाइलचा धडा असेल तर तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवून मुलांना आयफोनच्या सफारीतही उघडायला सांगा. चालतो.